केंद्राचा पैसा आणि आमचे किलोमीटर

२०१३ साली केंद्राच्या पैशातून नव्या बस घ्यायचं ठरलं, तेव्हा मी महापालिकेच्या परिवहन उपक्रमात लेखा विभागात अगदी कनिष्ठ होते. शहराचं नाव सांगत नाही. राज्यातल्या मध्यम महापालिकांच्या परिवहन उपक्रमांच्या फायली शेजारीशेजारी ठेवल्या तर लेटरहेडखेरीज फारसा फरक दिसायचा नाही. पुढे दहा वर्षांनी, केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेचा प्रस्ताव करताना पुन्हा तेच काम माझ्याकडे आलं, या वेळी सही माझी होती. या दहा वर्षांत शहर बससाठी पैसे द्यायची दिल्लीची पद्धत बदलली. तो बदल आमच्या टेबलापर्यंत कसा आला आणि कुठे अडकला, ते लिहिते आहे.

आधी जुनं. जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियान डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालं, पण त्यात बसखरेदी नव्हती. ती आली जानेवारी २००९ मध्ये, जगभरच्या मंदीतून उद्योगाला सावरायला केंद्राने जे पॅकेज जाहीर केलं त्यात. बस आणि ट्रक बनवणाऱ्या कारखान्यांकडे मागणी नव्हती, ती शहरांमार्फत तयार करायची, असा हिशेब होता. पंधरा हजारांहून जास्त बस मंजूर झाल्या. शहरांना बस हव्यातच होत्या, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही. पण योजनेचा जन्म कारखान्याच्या गरजेतून झाला होता आणि तिचा स्वभाव शेवटपर्यंत तोच राहिला. २०१३ मध्ये आणखी दहा हजार बसची फेरी निघाली, तेव्हा आमच्यासारख्या शहरांचा नंबर लागला.

अभियानातल्या शहरांसाठी वाटा ठरलेला होता. चाळीस लाखांवरच्या महानगरांना केंद्राकडून ३५ टक्के, दहा लाखांवरच्या शहरांना ५० टक्के, बाकीच्यांना ८० टक्के. म्हणजे शहर जितकं लहान तितकी बस स्वस्त. बस घेण्यापुरतं हे बरोबरच आहे. पण डिझेलवर, टायरवर, वाहकाच्या पगारावर लहान शहराला ८० टक्के सूट कोण देणार? प्रस्तावाच्या नमुन्यात खरेदीची किंमत होती, बसची लांबी होती, पायरीची उंची होती. चालवायचा खर्च कुठून भागवणार, याला एक परिच्छेद होता आणि तो कसा भरायचा ते आम्हाला आधीच्या शहरांनी शिकवलं होतं: जाहिरात उत्पन्न वाढवणार, मोक्याच्या जागा विकसित करणार, भारमान, म्हणजे भरलेल्या जागांचं प्रमाण, सुधारणार.

त्यासोबत सुधारणांचा तक्ता यायचा. एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण, समर्पित नागरी वाहतूक निधी, पार्किंग धोरण, जाहिरात धोरण. प्रत्येकापुढे सद्यःस्थिती लिहायची. आमच्या तक्त्यात वर्षानुवर्षं एकच शब्द होता, ‘प्रस्तावित’. मधल्या एका वर्षी वरून शेरा आला की प्रगती दिसत नाही, तेव्हा आम्ही ‘कार्यवाही सुरू’ असं केलं. त्यावर शेरा आला नाही.

बस आल्या. उद्घाटन झालं, हार घातले, समोर नारळ फोडले. मग माझं खरं काम सुरू झालं, उपयोगिता प्रमाणपत्राचं. त्या वेळी तो नमुना १९-अ होता. किती रक्कम आली, किती खर्च झाली, किती शिल्लक. बसची बिलं जोडली की रक्कम ‘उपयोगात आली’. ती बस त्यानंतर किती धावली, कुठल्या वस्तीत गेली, किती लोकांना घेऊन गेली, यासाठी त्यात रकानाच नव्हता. काही वर्षांत यातल्या बऱ्याच बस आगाराच्या मागच्या बाजूला उभ्या राहिल्या. एखाद्या सुट्या भागासाठी महिनोन्महिने थांबायचं, तोवर शेजारच्या बसचा भाग काढून हिला लावायचा, मग शेजारची कायमची बसायची. माझ्या दप्तरात मात्र पै न पै उपयोगात आलेली होती. लेखापरीक्षणातही त्यावर आक्षेप निघाला नाही, कारण नियमाने सगळं नीट होतं.

मधल्या फेम योजनेबद्दल, म्हणजे विजेच्या वाहनांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेबद्दल, फार लिहीत नाही, आमचं शहर त्यात नव्हतं. एवढंच सांगते, की २०१९ च्या दुसऱ्या टप्प्यात ई-बसला अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर होतं, किलोवॅट-तासाला २०,००० रुपये. मोजमाप पुन्हा वस्तूचंच. पण बस विकत न घेता खासगी कंत्राटदाराकडून प्रति किलोमीटर दराने चालवून घ्यायची, हा प्रकार तिथून रुळला.

१६ ऑगस्ट २०२३ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम ई-बस सेवा मंजूर केली. दहा हजार ई-बस, एकूण अंदाजे खर्च ५७,६१३ कोटी, त्यात केंद्राचे २०,००० कोटी. तीन लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं पात्र, आणि लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची, कारण त्यानंतर जनगणना झालेलीच नव्हती. त्या बारा वर्षांत आमच्या हद्दीवर जी गावं जाऊन प्लॉटिंग झालं, तिथली माणसं या हिशेबात कुठेच नाहीत. बस मात्र तिथूनच मागतात.

मार्गदर्शक सूचना वाचताना एका जागी मी थांबले आणि वाहतूक अधीक्षकांना बोलावून घेतलं. केंद्राची मदत बसला नव्हती, किलोमीटरला होती. बारा मीटरच्या बसला किलोमीटरमागे २४ रुपये, नऊ मीटरला २२, सात मीटरला २०. बस धावली तर पैसे. अधीक्षक दोनदा वाचून म्हणाले, “मॅडम, म्हणजे उभ्या बसचे काहीच नाहीत?” काहीच नाहीत. सत्तावीस वर्षं आगारात काढलेला माणूस, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आणि धास्ती दोन्ही होतं.

हा बदल मोठा होता, हे मी आजही म्हणेन. आयुष्यात पहिल्यांदा केंद्राला पाठवायच्या कागदात मला फेऱ्या लिहाव्या लागल्या. त्यासाठी वाहतूक शाखेचं दप्तर उघडलं, तर कळलं की आमचे ‘किलोमीटर’ तीन प्रकारचे होते. वेळापत्रकातले, वेबिलावरचे म्हणजे वाहकाच्या रोजच्या हिशेबपत्रकावरचे, आणि डिझेलच्या हिशेबातून निघणारे. तिन्ही जुळत नव्हते. आगारापासून पहिल्या थांब्यापर्यंतचे मोकळे किलोमीटर कुणी धरायचे, कुणी सोडायचे. अर्धवट सोडलेल्या फेऱ्या काही दिवशी पूर्ण दिसायच्या. यात चोरीबिरी काही नव्हती, त्या आकड्यावर कुणाचे पैसे अवलंबून नव्हते म्हणून तो कुणी सांभाळला नव्हता. पैसे अवलंबून आहेत म्हटल्यावर पंधरवड्यात तिन्ही आकडे एका तक्त्यात आले. पूर्वी याच कामासाठी बाहेरचे सल्लागार नेमून झाले होते.

मग गणित मांडायला बसलो. आमच्या वर्गातल्या शहराला ५० बस मिळू शकत होत्या. नऊ मीटरची बस, रोज २०० किलोमीटर. २२ गुणिले २०० गुणिले ३६५, म्हणजे एका बसला वर्षाला १६ लाख ६ हजार. पन्नास बसला सुमारे आठ कोटी. आयुक्तांना हा आकडा दाखवला तेव्हा ते खूश झाले. मी दुसरं पान पुढे केलं.

निविदेत कंत्राटदाराचा दर काय येईल ते तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून ६० रुपये किलोमीटर धरून चाललो होतो. केंद्राचे २२ गेले की उरले ३८. तिकिटातून किलोमीटरमागे, फार आशेने धरले तरी, २८. राहिली दहाची तूट. दहा रुपये ऐकायला किरकोळ वाटतात. पन्नास बस, रोज दोनशे किलोमीटर, वर्षभर: तीन कोटी पासष्ट लाख. आणि यात वाहक नाहीत. या प्रकारच्या कंत्राटात चालक कंत्राटदाराचा असतो, वाहक आमचा. त्यांचा पगार, तिकीट यंत्रं, तपासनीस, थांब्यांची देखभाल हे सगळं वरचं. शिवाय कंत्राटात खात्रीचे किलोमीटर असतात. रस्ता खोदला, मिरवणूक निघाली, प्रवासी नाहीत म्हणून आम्ही फेरी कमी केली, तरी कंत्राटदाराला ठरल्याप्रमाणे काही रक्कम द्यावीच लागते. धावली नाही तर केंद्राचे नाहीत आणि आमचे मात्र आहेत, अशी ती जागा.

तिकीट वाढवा, असं कुणीही पटकन सांगेल. भाडं आम्ही ठरवत नाही. प्रस्ताव प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे जातो, आणि निवडणूक जवळ असली की तिथे जाण्याआधीच थांबतो. त्यातच मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. ती सवलत राज्याची, तिची भरपाईही राज्य एसटी महामंडळाला देतं. शहर बस त्यात नाही. आमच्या वाहकांना रोज ऐकावं लागायचं, “ताई, एसटीत अर्धं आणि तुमच्याकडे पूर्ण कसं?” एसटी बसस्थानकापासून एक थांबा पुढे आमची बस उभी राहते, त्या बाईला महापालिका आणि महामंडळातला फरक का म्हणून माहीत असावा? गंमत अशी की ज्या तिकिटाला तूट आहे, त्याच तिकिटातून आम्ही राज्याला प्रवासी कर भरतो आणि वर बालपोषण अधिभार.

प्रस्तावाला ठराव लागतो. पूर्वी परिवहन समिती, स्थायी समिती, महासभा असं जावं लागे. महासभेत एखादा विषय सहा महिने तहकूब राहिलेला मी पाहिला आहे, आणि त्या काळी चिडलेही आहे. २०२३ मध्ये राज्यातल्या बहुतेक महापालिकांप्रमाणे आमच्याकडेही प्रशासक होते. ठराव एका दिवसात झाला. दहा-बारा वर्षांचं दायित्व, दरवर्षी काही कोटींचं, आणि त्यावर प्रश्न विचारायला सभागृहात एकही नगरसेवक नाही. मला हवं होतं ते काम झालं होतं, तरी फाइल परत आली तेव्हा बरं वाटलं नाही. महासभेत आरडाओरडा करणारे एक जुने सभासद होते, त्यांनी हमखास विचारलं असतं, “केंद्राचे पैसे संपल्यावर काय?” केंद्राची मदत जास्तीत जास्त दहा वर्षं आहे आणि योजनेची मुदत २०३७ पर्यंत. त्यानंतरचं पान प्रस्तावात मागितलेलंच नाही.

आगाराच्या जागेत सर्वांत जास्त वेळ गेला. बस चार्ज करायला लागणाऱ्या, मीटरच्या मागच्या वीजकामाचा सगळा खर्च केंद्राचा, आगाराच्या बांधकामाचाही मोठा वाटा त्यांचा, जागा मात्र आमची. विकास आराखड्यात बस आगारासाठी आरक्षित असलेली एक जागा होती, तिच्यावर भाजी मंडई भरत होती. दुसरी रिकामी होती पण गावाबाहेर, तिथून पहिल्या थांब्यापर्यंत यायलाच मोकळे किलोमीटर झाले असते. शेवटी जुन्या आगाराचा अर्धा भाग देऊ केला. कुठला अर्धा? जिथे २०१३ च्या त्या बस उभ्या होत्या तो. त्यांचं निर्लेखन करायला, म्हणजे त्या दप्तरातून कमी करायला हव्यात, निर्लेखनाला मूल्यांकन हवं, मूल्यांकनाला आरटीओचा कागद हवा, आणि केंद्राच्या पैशातून घेतलेली मालमत्ता असल्याने वरची परवानगी घ्यावी की नको यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार चालला. नव्या बसच्या वाटेत जुन्या बस आडव्या आल्या होत्या, अगदी शब्दशः.

निविदा आमची नव्हती. शहरांची मागणी एकत्र करून केंद्राच्या पातळीवरून ती निघते, सीईएसएल ही केंद्राच्या सार्वजनिक क्षेत्रातली कंपनी हे काम पाहते. दर पाडायला हे चांगलं आहे, पन्नास बससाठी आमच्याकडे कुणी फिरकलंही नसतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा की मार्ग आमचे, तूट आमची आणि करार मात्र जसाच्या तसा छापून आलेला. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे पैशाची हमी. कंत्राटदारांचा अनुभव असा की परिवहन उपक्रम वेळेवर पैसे देत नाहीत, आणि खोटं कशाला बोलू, तो अनुभव खरा आहे. म्हणून राज्याकडून थेट वजावटीची हमी मागितली जाते: शहराने पैसे थकवले तर रिझर्व्ह बँकेतल्या राज्याच्या खात्यातून ते वळते होतील. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने यासाठी ३,४३५ कोटींची वेगळी योजनाच केली, ३८ हजारांहून अधिक ई-बससाठी. कंत्राटदार सुरक्षित झाला, बँक सुरक्षित झाली. शहराची तूट जिथे होती तिथेच. फरक एवढा, की पूर्वी पैसे नसले की बस बंद पडायची, आता राज्य आमच्या इतर अनुदानातून कापेल. पाण्याच्या किंवा रस्त्याच्या पैशातून बस चालेल, आणि ते कुठल्या ठरावात लिहिलेलं नसेल.

हे सगळं करताना एक गोष्ट सारखी टोचायची. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मेट्रो प्रकल्पांना सुमारे २१ हजार कोटी होते आणि ई-बस सेवेला १,३०० कोटी. मी मेट्रोविरोधी नाही. पुण्या-मुंबईत मेट्रो लागणारच. पण २०१७ च्या मेट्रो धोरणातच लिहिलं आहे की आधी पर्यायांचं विश्लेषण करा, बसवर भागतं का पाहा. पाहणाऱ्याला ठाऊक असतं की मेट्रो मागितली तर केंद्र भांडवलात निम्मा भागीदार होऊ शकतं, आणि बस मागितली तर दहा वर्षांनी हात वर करतं. मग विश्लेषणाचं उत्तर काय येणार? केंद्रानेच २००९ मध्ये सेवेचे निकष ठरवले होते, हजार लोकांमागे ०.६ बस असेल तर पहिली श्रेणी, ०.२ पेक्षा कमी असेल तर शेवटची. आम्ही तेव्हाही शेवटच्या श्रेणीत होतो. या पन्नास बस आल्या आणि जुन्यांपैकी धावणाऱ्या तेवढ्या टिकल्या, तरी एकच पायरी वर चढू.

२०२४ मध्ये सोळाव्या वित्त आयोगाने लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. कार्यालयाकडून काही जाणार नव्हतं, म्हणून मी वैयक्तिक पाठवल्या. मोठं टिपण आधी लिहिलं होतं, मग दोन पानांवर आणलं. पहिला मुद्दा राज्यघटनेचा. चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांच्या कामांची यादी आहे, तिच्या सतराव्या नोंदीत बसथांबे आहेत, वाहनतळ आहेत, बस नाहीत. थांबा बांधणं आमचं काम, तिथे बस येणं कुणाचं ते लिहिलेलं नाही. म्हणून वित्त आयोगाच्या अनुदानात पाणी, घनकचरा, हवा यांना जशी त्याच कामासाठी बांधलेली रक्कम मिळत आली, तशी शहर बसला मिळाली नाही. ती द्या, अशी मागणी होती. योजना म्हणून नको, सूत्र म्हणून द्या, म्हणजे पुढच्या वर्षी किती येणार ते आम्हाला आधी कळेल.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. खरेदीवरून किलोमीटरवर आलात, आता प्रवाशावर या. नुसते किलोमीटर मोजले की मोकळ्या रस्त्यावर रिकामी बस पळवणं सोपं. आमच्याच अधीक्षकांनी वेळापत्रक करताना गर्दीच्या बाजारपेठेतली फेरी कमी करून बाह्यवळणाची वाढवली होती, कारण बाजारात बस अडकते आणि २०० किलोमीटर भरत नाहीत. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. निम्मे पैसे किलोमीटरवर आणि निम्मे तिकीट घेऊन चढलेल्या माणसांवर, असं मी सुचवलं. तिकीट यंत्रं सगळीकडे आहेत, आकडा काढणं अवघड नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर घरात वाद झाला, कारण माझा नवरा छोटा कारखाना चालवतो. फ्रान्समध्ये मालकवर्गाकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतात, १९७१ मध्ये पॅरिस भागात सुरू झालेला. कामगार वेळेवर पोचतो याचा फायदा मालकाला आहे, म्हणून त्याने वाटा उचलायचा. नवरा म्हणाला, “आधी माझ्या एमआयडीसीत बस आणून दाखव, मग कर माग.” त्याचं बरोबर होतं. मी तो मुद्दा तसाच ठेवला, फक्त आधी सेवा आणि मग कर असा क्रम लिहिला.

पोच मिळाली, उत्तर अपेक्षित नव्हतंच. दरम्यान मी आमच्या आयुक्तांकडे दुसरी टिपणी ठेवली. २०१३ पासून तक्त्यात आधी ‘प्रस्तावित’ आणि मग ‘कार्यवाही सुरू’ असलेला समर्पित नागरी वाहतूक निधी प्रत्यक्ष उघडायचा, आणि त्यात तीन उत्पन्नं दरवर्षी आपोआप वळती करायची: वाहनतळांचं शुल्क, बसथांब्यांवरच्या जाहिराती आणि बांधकामाला जादा चटईक्षेत्र देताना घेतल्या जाणाऱ्या अधिमूल्यातला ठरावीक हिस्सा. नगररचना विभागाने तिसऱ्याला नकार दिला, त्यांच्या मते तो पैसा रस्त्यांचा आहे. जाहिरातींचं कंत्राट आधीच दुसऱ्या विभागाने दीर्घ मुदतीने दिलेलं निघालं. या वर्षीच्या अंदाजपत्रकात वाहतूक निधीचं लेखाशीर्ष उघडलं आहे. त्यात सध्या वाहनतळांचे पैसे येतात. जमणारी रक्कम पन्नास बसच्या वर्षभराच्या तुटीच्या पाचव्या हिश्शाइतकीही नाही, आणि जाहिरातींचं कंत्राट संपेल तेव्हा ते आपल्याकडे यावं म्हणून मी फाइलवर आतापासूनच तारीख टाकून ठेवली आहे.